कृष्णाईला पंचमीचं मूळ

"मेली सटवी! हिच्या जिभंला काय हाड?"

प्रयागबाई इतक्या जोरानं ओरडल्या, की रेडिओतल्या सासूचं पुढचं वाक्य चावडीत बसलेल्या दोनशे माणसांपैकी एकालाही ऐकू आलं नाही. पुरुषांच्या बाजूनं "आरं गप, गप" झालं. प्रयागबाईंचे यजमान हिंदुराव पंच रेडिओच्या पेटीला खेटून बसले होते, कारण पेटीची किल्ली त्यांच्या कडदोऱ्याला होती. त्यांनी बायकोकडं न बघता आवाजाचं बटण थोडं पिळलं. एका सासूला गप्प करणं आपल्या हातात नाही, पण दुसरीचा आवाज वाढवणं आहे, एवढं त्यांना संसारानं शिकवलं होतं.

कळंबच्या ग्रामपंचायतीला सरकारी रेडिओ मिळून दोन वर्षं झाली होती. सुरुवातीला तो ज्वारीचे भाव सांगायचा आणि उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही असं सांगायचा. तेवढ्यासाठी चावडीपर्यंत चालत जाणं बायकांना परवडत नव्हतं. पण ज्येष्ठात पुण्याच्या रेडिओवाल्यांनी एक जुनी, जाडजूड कादंबरी काढली आणि तिचा खेळ करून दर गुरुवारी सांजच्याला अर्धा तास ऐकवायला घेतला. कादंबरी शाळेतल्या संभाजी मास्तरांच्या आजोबांच्या काळातली. तिच्यातली कृष्णाई म्हणजे सुना मान वर करत नसत त्या काळातली सून. ती कणगीआड बसून कोळशानं अक्षरं गिरवायची, मागच्या दारानं किल्ल्यावर जाऊन यायची आणि सासू काही बोलली की विचारायची, "का?"

बस. एवढंच. पण त्या "का"नं कळंबमध्ये धुमाकूळ घातला. भिमा पैलवानानं बायकोला पाणी मागितलं, तर ती म्हणाली, "का?" आणि पैलवानाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतः उठून रांजणापर्यंत जावं लागलं. चार-दोन म्हाताऱ्यांनी रेडिओ बंद करा म्हणून हिंदुरावांना सांगून पाहिलं. पण गुरुवार आला की तेच म्हातारे पुढची जागा धरायचे.

हिंदुरावांच्या घरात मात्र तो "का" अजून कुणी उच्चारला नव्हता. त्यांची सून सारजा पदर तोंडात धरून नुसती ऐकायची. त्या गुरुवारीही ती तशीच ऐकत होती. रेडिओतली कृष्णाई पंचमीला माहेरी जाते म्हणत होती आणि सासू खेकसत होती, "तू गेल्यावर धुणं कोण धुणार?" सारजानं हळूच मान वळवून पुरुषांच्या बाजूला नवऱ्याकडं पाहिलं. जोतीरामनं खाली पाहिलं. कारण हेच वाक्य गेल्या श्रावणात त्यांच्या ओट्यावर बोललं गेलं होतं. सारजाचे वडील आबासाहेब सुप्याहून लेकीला न्यायला आले होते आणि चहा पिऊन हात हलवत परत गेले होते. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. यंदा काही झालं तरी पंचमीला धाडतो, असं जोतीरामनं तिला हातावर हात मारून सांगितलं होतं. पंचमी चोवीस दिवसांवर आली होती आणि जोतीरामनं आईपुढं अजून तोंड उघडलं नव्हतं.

पण आज आईनं रेडिओतल्या सासूला घातलेल्या शिव्या ऐकून त्याच्या जिवात जीव आला. लोखंड तापलंय म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बाजरीतलं तण खुरपायला, भांगलायला बसल्या बसल्या त्यानं विषय काढला.

"आई, ती रेडिओतली सासू लई वंगाळ हाय, न्हाय?"

"वंगाळ? तिला मानूस म्हनू नगंस. सोन्यासारखी पोर चार दिस माहेराला जाते म्हंती, तर म्हनं धुनं कोन धुनार! देव बघंल तिच्याकडं."

"मंग सारजीला पंचमीला सुप्याला धाडायची का?"

प्रयागबाईंचं खुरपं थांबलं नाही. "आन् हितं भांगलन कोन करनार?"

"पंचमीला जमिनीत खुरपं घालीत न्हाईत, आई. नागाला लागतं."

"पंचमीला न्हाय घालीत. आदल्या दिशी घालत्यात, दुसऱ्या दिशीबी घालत्यात. मंग ती जानार कवा आन् येनार कवा?"

"पर काल तर तूच म्हनलीस..."

"त्यो खेळ हाय, जोत्या," प्रयागबाई समजुतीनं म्हणाल्या. "खेळात भांगलन नसती."

दोन सरी पलीकडं सारजा खाली मान घालून गवत उपटत होती. तिनं एक चांगलं वीतभर बाजरीचं रोपही उपटलं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या गुरुवारी रेडिओवर कृष्णाई विहिरीच्या काठावर एकटीच बोलली. "माझ्या पाठीला भाऊ नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी मूळ घेऊन कोण येणार?" आणि ती रडली. सणाला लेकीला न्यायला माहेरचं माणूस मुराळी होऊन येतं, खण-नारळ देऊन बोलावणं करतं, त्याला मूळ म्हणतात. मूळ आल्याशिवाय लेक आपण होऊन निघत नाही, मग माहेर शेजारच्या आळीत का असेना. त्यामुळं कृष्णाई रडली तेव्हा बायकांच्या बाजूला एकही डोळा कोरडा राहिला नाही.

प्रयागबाईंनी मात्र ह्या वेळी शिवी दिली नाही. त्या गुमान उठल्या, घरी गेल्या आणि न जेवता झोपल्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठल्या. हिंदुरावांना काळजी वाटायला लागली. बायको ओरडत असली की घर कुठं आहे हे त्यांना कळत असे. अशी शांतता त्यांनी लग्नापासून पाहिली नव्हती. खरं कारण त्यांना ठाऊक होतं, पण ते कधी घरात बोललं जात नव्हतं. प्रयागबाई बारा वर्षांच्या असताना मानमोडीची साथ आली आणि भिगवणकडचं त्यांचं माहेर, एकुलत्या एका भावासकट, पंधरा दिवसांत पुसलं गेलं. त्याला अडतीस वर्षं झाली. अडतीस पंचम्या त्या ह्याच ओट्यावर उभ्या राहून दुसऱ्यांच्या लेकींच्या गाड्या बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "संभाजी मास्तराला बलवा. कागुद लिवायचाय."

"कुनाला?"

"रेडिओला. कृष्णाईला पंचमीचं मूळ धाडायचंय."

हिंदुरावांच्या हातातली तंबाखू सांडली. "आगं, ते नाटक हाय! कुनीतरी बाई कागुद बघून बोलती."

"मला कळत न्हाय व्हय? कृष्णाई खोटी, तिची सासू खोटी, समदं मान्य. पर रडती ती बाई तर खरी हाय का न्हाय? आसं रडाया नुसता कागुद बघून येत न्हाय कुनाला. त्या बाईला न्यायला कुनी येत नसनार. मी सांगते तुमास्नी."

हिंदुराव सांडलेली तंबाखू तशीच सोडून मास्तरांना बोलवायला गेले. मास्तर आले. त्यांनी कार्डावर प्रयागबाईंचं बोलणं उतरवलं, त्यात पदरचे दोन-चार 'सविनय' घातले आणि शेवटी लिहिलं की पंचमीच्या आधीच्या गुरुवारी, सकाळच्या आगगाडीला आमची बैलगाडी बारामतीच्या स्टेशनावर उभी राहील. मास्तरांची खात्री होती की रेडिओवाले कार्ड वाचून केराच्या टोपलीत टाकतील आणि विषय मिटेल.

रेडिओवाल्यांनी आठवड्यानं, रविवारच्या पत्रांच्या कार्यक्रमात, ते कार्ड सगळ्या महाराष्ट्राला वाचून दाखवलं. "कळंबच्या प्रयागबाई," तो म्हणाला, "तुमचं पत्र ऐकून आमच्या कृष्णाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणतात, एवढ्या मायेनं बोलावल्यावर आम्ही येणार नाही असं कसं होईल? जरूर येऊ!"

आता शहरातला माणूस 'जरूर येऊ' म्हणतो तेव्हा तो आपल्या वाटेनं निघालेला असतो. कळंबमध्ये 'जरूर येऊ' म्हटलं की चुलीवर तवा चढतो. चावडीत टाळ्या पडल्या. प्रयागबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदरानं कंबर कसली.

त्या चार दिवसांत जोतीरामला बसता येईना की उभं राहता येईना. घर सारवायला सारजा, भिंतींना पांढरी माती द्यायला सारजा, पंचमीच्या पुरणाच्या दिंडांसाठी डाळ निवडायला सारजा. चिंचेला झोका बांधला, त्याचा दोर काथ्याच्या सुंभानं गुंडाळायलाही सारजाच, कारण पाहुणीचे हात मऊ असणार. प्रयागबाईंनी इंदापूरहून हिरवं लुगडं आणवलं आणि सुनेपुढं धरून पाहिलं, कृष्णाईला कसं दिसेल म्हणून. मग घडी घालून ठेवलं.

बुधवारी सकाळी गोठ्यात सारजानं नवऱ्याला गाठलं. "तुमी मला पंचमीला धाडतो म्हनला हुता."

"म्हनलो हुतो."

"मंग?"

"बघू की."

"का बघू?"

हे गुरुवारचं बोलणं होतं आणि आज तर बुधवार होता. जोतीरामनं वैरणीचा भारा उचलला, परत ठेवला, पुन्हा उचलला आणि बैलांऐवजी म्हशीपुढं टाकला.

मुराळी म्हणून तोच जाणार होता. मूळ यष्टीनं जात नाही, गाडीनं जातं, म्हणून बैलांवर झुली चढल्या. पण निघायच्या वेळी प्रयागबाईंच्या लक्षात आलं की परक्याची लेक एकल्या पुरुषाबरोबर गाडीत बसणार नाही, सोबतीला बाई पाहिजे. गावातल्या बायका आपापल्या घरच्या सणात. प्रयागबाईंना दिंडं करायची. "सारजे," त्या म्हणाल्या, "तूच जा. तेवढीच बारामती बघून येशील." सारजा आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि हिरव्या लुगड्याच्या बोचक्याकडं न बघता गाडीत बसली. बोचकं प्रयागबाईंनी परत उतरवून घेतलं. नवं लुगडं घरी आल्यावर, ओटी भरून द्यायचं असतं.

बुधवारचा मुक्काम सणसरला करून गाडी गुरुवारी सकाळी बारामतीच्या स्टेशनावर पोचली. दौंडहून येणारी छोटी आगगाडी तासभर उशिरा आली. तोवर जोतीराम फलाटावर एवढ्या येरझाऱ्या घालत होता, की हमालानं दोनदा "काय हरवलंय?" म्हणून विचारलं. आणि गाडी आल्यावर त्याला खरी अडचण कळली. कृष्णाईला कुणी पाहिलेलंच नव्हतं. तिचा फक्त आवाज ठाऊक होता.

"आगं, परत्येक बाईला बोलती कर," तो सारजाला म्हणाला. "आवाज वळखू आला की धर."

सारजानं तेही केलं. उतरणाऱ्या प्रत्येक बाईपुढं ती उभी राहिली आणि विचारलं, "बाई, वाजलं किती?" एक म्हणाली, "मला काय ठावं?" एक म्हणाली, "तुझा दादला कुठाय?" एका फौजदारणीनं तर "घड्याळ डोक्यावर लटकतंय, दिसत नाही?" असं सुनावलं. आवाज थोडा कृष्णाईसारखा वाटला म्हणून जोतीरामनं तिची ट्रंक उचलली आणि फौजदारांच्या शिपायानं ती त्याच्या हातून हिसकून घेतली. गाडी रिकामी झाली. इंजिन पाणी प्यायला गेलं. कृष्णाई आली नव्हती.

"आता गं?" जोतीराम कपाळाला हात लावून म्हणाला. "समदं गाव येशीवर हुभं ऱ्हानार. आईला काय सांगू?"

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाव्हनं! आवो, तुमीच घिऊन आलासा व्हय माझ्या लेकीला!"

सारजाचे वडील आबासाहेब होते. सुप्याला स्वतःचा बाजार असताना ते पंचमीच्या बाजाराला बारामतीपर्यंत का आले, आणि बाजार सोडून स्टेशनावर का आले, हे जोतीरामनं विचारलं नाही आणि सारजानंही सांगितलं नाही. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "दोन वर्सं मी हात हालवत म्हागारी आलो. वाटलं, काय चुकलं आपलं? आन् आज जावई सोता झुली घातलेल्या बैलांनी लेकीला पोचवाया आलं. विहीनबाईंचं मन लई मोठं. लईच मोठं!"

जोतीरामनं तोंड उघडलं. सारजानं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तोंड मिटलं. मग ती गाडीतून आपलं बोचकं घेऊन आली. गवताखाली हे बोचकं आहे अशी जोतीरामला शंकासुद्धा आली नव्हती. सोबतीला बाई लागेल आणि आपल्यावाचून कुणी उरणार नाही, हे सारजानं कार्ड वाचलं गेलं त्या दिवशीच ताडलं होतं.

"सारजे, आई काय म्हनंल?"

"त्यास्नी सांगा, पंचमीला गेली."

"आसं इचारल्याबगर कसं जाता यील?"

"का?" सारजा म्हणाली. आणि बापामागून यष्टी-स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.

आबासाहेब चार पावलं गेले आणि रीतीचा माणूस म्हणून परत आले. जावयाला रिकाम्या हातानं कसं धाडायचं? त्यांनी बाजाराच्या पिशवीतून नारळ काढला, एक जांभळा खण काढला आणि जोतीरामच्या हातावर ठेवला. "ह्ये विहीनबाईंना. आन् म्हनावं, तुमीबी या की पंचमीला. तुमचंच घर हाय." असं सगळेच व्याही म्हणतात. व्याहीपणाच्या बोलण्यात ते मिठासारखं असतं.

इकडं कळंबला गुरुवारी सांजच्याला वेगळाच घोळ झाला. रेडिओ लावला तर कृष्णाई बोलायला लागली. बायका चरकल्या. "ती तर आपल्या गाडीत असंल, मंग हितं कोन बोलतंय?" संभाजी मास्तरांनी तबकडीवर आवाज आधीच भरून ठेवतात असं समजावलं, पण त्यांना कुणी दाद दिली नाही. भिमा पैलवानाची बायको म्हणाली, ती येणारच नाही. प्रयागबाई म्हणाल्या, "माझ्या बलावन्याला ती न्हाय म्हनंल?" पण त्या शेवटपर्यंत बसल्या नाहीत. वेशीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

शुक्रवारी न्याहारीच्या वेळेला गाडी दिसली. वेशीत हलगी वाजायला लागली. प्रयागबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाल्या. गाडी जवळ आली, थांबली, आणि हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. गाडीत जोतीराम एकटा होता.

"कृष्णाई कुठाय?"

"आली न्हाय, आई."

प्रयागबाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी गाडीत नीट वाकून पाहिलं. "सारजी कुठाय?"

"गेली."

"कुठं गेली?"

सबंध गाव ऐकत होतं. इकडं आड, तिकडं विहीर. खरं सांगावं तर सारजाला ह्या घरात परत पाऊल टाकता येणार नाही. खोटं सांगावं तर ते सुचत नव्हतं. जोतीरामनं हाताला लागलं ते पुढं केलं. जांभळा खण आणि नारळ.

"आई," तो म्हणाला, "सुप्याच्या आबांनी तुला पंचमीचं मूळ धाडलंय."

"मला?"

"व्हय. म्हनलं, तुमचंच घर हाय."

प्रयागबाईंनी तांब्या खाली ठेवला. दोन्ही हातांवर पदर घेतला आणि त्यात तो खण-नारळ घेतला. कपाळाला लावला. त्या तिथंच मातीत बसल्या आणि रडल्या. रेडिओतल्या कृष्णाईला तसं कधी जमलं नसतं. बाया भोवती जमल्या. ज्या म्हाताऱ्यांना स्वतःला वर्षानुवर्षं मूळ आलं नव्हतं, त्या खणाला बोट लावून बघत होत्या.

हिंदुराव अदबीनं जवळ आले. "आगं, ती रीत असती. विहिनीला खन-नारळ देत्यात, म्हनून काय कुनी उठून..."

"अडतीस वर्सं झाली," प्रयागबाई म्हणाल्या. "तुमी गप बसा."

अर्ध्या तासात त्या तयार झाल्या. कृष्णाईसाठी आणलेलं हिरवं लुगडं स्वतः नेसल्या. सारजा न विचारता गेली, हे त्यांच्या रागाच्या यादीत असणार, पण यादी वाचायला वेळ नव्हता. हिंदुराव मागं मागं फिरत होते.

"आन् भांगलन?"

"पंचमी हाय. जमिनीत खुरपं घालू नगासा."

"धुनं?"

"वड्याला पानी हाय, दगूड हाय."

"जेवन?"

"दिंडं करून ठेवल्याती. पुरवून खावा."

जोतीराम त्याच पावली आईला यष्टीनं घेऊन निघाला. सुप्याला पोचले तेव्हा दिवस कलला होता. लिंबाच्या झाडाला झोका होता आणि झोक्यावर सारजा होती, केस मोकळे सोडून, पाय लांब करून, गाणं म्हणत. झोका वर गेला तेव्हा तिला फाट्यावरून येणारं हिरवं लुगडं दिसलं. झोका खाली आला तेव्हा तिचं गाणं थांबलं होतं. आबासाहेब पागोटं सावरत पुढं आले. "या, या, विहीनबाई," ते म्हणाले आणि बायकोकडं बघायला लागले. सारजाच्या आईनं, कुशाबाईनं, नवऱ्याकडं एकदा रोखून पाहिलं आणि मुकाट्यानं एक पाट जास्तीचा मांडला. जोतीराम चहालासुद्धा थांबला नाही.

पुढचे पाच दिवस बापलेकांनी दिंडं खाल्ली, मग शिळी दिंडं खाल्ली, मग हिंदुरावांनी भाकरी थापली आणि ती म्हशीला दिली. म्हैसही विचारात पडली. गुरुवारी दुपारी जोतीराम ओढ्यावर धोतर आपटत होता, तोच समोरच्या रस्त्यावर यष्टी थांबली आणि सारजा उतरली. डोक्यावर बोचकं. बरोबर कुणी नाही.

"आगं, न्यायला कुनी आलं न्हाय आन् तू एकलीच आलीस?"

"का? वाट म्हाईत न्हाय व्हय मला?" असं म्हणून ती तरातरा घरी गेली आणि ओट्यावर, प्रयागबाईंच्या जागी, पाय पसरून बसली. हिंदुराव आतून बाहेर आले. सुनेनं सासऱ्यापुढं पाय आवरून घेतले, पण उठली नाही.

"पोरी, काय भांडन झालं का?" हिंदुरावांनी विचारलं.

"न्हाय, मामंजी. भांडन कशाचं? आत्याबाई लई खुशीत हायती. पहाटं उठून झोक्यावर बसत्यात, कुनाला बसू देत न्हाईत. माझ्या आईचा हात धरून फुगडी घालत्यात. समद्या आळीला सांगत फिरत्यात, मी हितली माहेरवाशीन. आन् मला म्हनत्यात, सारजे, मी चार दिस माहेराला आलीया, माझं लुगडं तेवढं धू. मंग आईचं धुतलं, आबांचं धुतलं, भाऊ-भावजयांचं धुतलं. तितली बाजरीबी भांगलायची हुती."

"मंग आता ती कवा येनार?"

"आबांनी काल इचारून बघितलं. म्हनलं, विहीनबाई, निघायची काय घाई, ऱ्हावा की आजून. मानापायी म्हनलं बिचारं. तर आत्याबाई म्हनल्या, बरं, एवढं म्हनताय तर ऱ्हाते." सारजानं केस सोडले आणि मान मागं टाकली. "मंग म्या म्हनलं, सासू तितं असंल तर माहेर हितंच म्हनायचं."

कुणी तिला पाणी आणायला सांगितलं नाही. उलट जोतीरामच आत जाऊन तांब्या भरून घेऊन आला. चिंचेचा झोका कृष्णाईसाठी बांधला होता, तो अजून तसाच होता. सारजा सांजपर्यंत त्याच्यावर बसली. चावडीत रेडिओ लागल्याचा आवाज आला, पण त्या घरातून कुणी उठलं नाही. हिंदुरावांनी किल्ली मास्तरांकडं पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम सुप्याला निघाला. आईनं तिची राहिलेली लुगडी मागवली होती. सारजानं सासूचं बोचकं स्वतःच्या हातानं बांधायला घेतलं. दोन लुगडी ठेवली, मिश्रीची डबी ठेवली, चपला ठेवल्या. मग फडताळातून एक जाड घोंगडं काढलं, नीट घडी घातलं आणि वर ठेवलं.

हिंदुराव बघत होते. "घोंगडं कशाला गं? श्रावण चाललाय."

"पडंल की थंडी," सारजा खाली मान घालून म्हणाली, "दिवाळीला."

हिंदुरावांनी अंगणातल्या शांततेकडं पाहिलं आणि ते आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात आणखी एक घोंगडं होतं.

"ह्येबी बांध," ते म्हणाले. "सुप्याकडं थंडी लांबती."